नातवाची बोट आणि मी भरलेली माणसं

सौरभचं लग्न जमावं म्हणून मी समुद्रात डोकं घातलं. एरवी घातलं नसतं.

सौरभ माझा नातू. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, पगार बरा आहे, चष्म्याचा नंबर मोठा आहे. त्याच्यासाठी इतक्या मुली पाहिल्या की मला पोह्यांचा वास नकोसा झाला. शेवटी त्याची त्यानेच एक शोधली. ऋतुजा नाव, मूळची अमरावतीची, नोकरीला हडपसरला. मुलगी चांगली, पण हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. "एकदा कुठेतरी प्रवासाला जाऊ, मग सांगते," म्हणाली. तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, सोबत घरचं मोठं माणूस असेल तरच. सौरभच्या आईचे गुडघे दुखतात, वडिलांना रजा नाही. उरले मी.

मालवणला जायचं ठरलं. सौरभने तिथे आमच्या तिघांसाठी एक अख्खी बोट ठरवली. बोटीने खडकापाशी जायचं, तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घालायचं आणि मासे बघायचे. याला स्नॉर्कलिंग म्हणतात. तिथेच पाण्याखाली पाटी धरून तो ऋतुजाला लग्नाचं विचारणार होता. हे त्याने मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं.

"पाण्याखाली कशाला? घरात विचार की," मी म्हणाले.

"आजी, अशी आठवण राहते."

"तुझ्या आजोबांनी विचारलंच नव्हतं. मला तरी सगळं आठवतंय."

सरावासाठी त्याने एक नळी घरी आणून दिली. मी न्हाणीघरात टब भरला, स्टुलावर बसले आणि डोकं आत घातलं. तेवढ्यात सूनबाई धुणं घेऊन आली.

"आई, काय करताय?"

मी डोकं वर काढलं. "श्वास घेतेय," म्हणाले आणि परत आत घातलं. ती धुणं तिथेच टाकून नवऱ्याला फोन करायला गेली.

पहाटे पुण्यातल्या आमच्या धायरीच्या घरून निघालो. ती दोघं पुढे, मी मागे, माझ्या शेजारी नळ्यांची पिशवी आणि दशम्यांचा डबा. पुढची दोघं इंग्रजीत बोलत होती, मग मी झोपले. कोल्हापूरला मिसळ खाल्ली. सौरभच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातूनही आलं. ऋतुजाने खाल्ली आणि वर आणखी तर्री (रश्श्यावरचा तिखट तवंग) मागितली. तिथेच मला ती पसंत पडली. घाटात सौरभने गाडी इतकी हळू चालवली की एक एसटी, दोन टेम्पो आणि एक म्हैस आमच्या पुढे गेली. म्हशीला त्याने हॉर्नसुद्धा दिला नाही.

संध्याकाळी समुद्र दिसला. पुष्कळ पाणी होतं. खडकवासला भरल्यावर जेवढं दिसतं त्याहून जास्त.

उतरलो ते एका बाईंच्या घरी. मी आणि ऋतुजा एका खोलीत, सौरभ अंगणापलीकडे. बाईंनी बांगड्याचं तिखलं (घट्ट, तिखट कालवण) केलं होतं. पुण्यात मी बांगडा खाते, पण तो बर्फात झोपून आलेला असतो. हा जागा होता. सकाळी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि खोबऱ्याची चटणी. मी चार खाल्ली. बाई म्हणाल्या, बोटीत पोटात ढवळतं, जरा बेतानं घ्या. मी आणखी एक घेतलं.

धक्क्यावर आमची बोट उभी होती. बोटीचा तांडेल (नाव चालवणारा मुख्य माणूस) बाबी नावाचा. त्याने हात देऊन मला आत घेतलं.

"आजीनू, खंयसून इलात?" (आजी, कुठून आलात?)

"पुण्याहून."

"तां दिसता," (ते दिसतंच आहे) असं म्हणून तो दोर सोडायला लागला.

सौरभ बाबीच्या मेहुण्याला बाजूला घेऊन काहीतरी समजावत होता. पाण्यात उतरून चित्रण करायचं काम त्या मेहुण्याकडे होतं. ऋतुजा टोपी आणायला गाडीकडे गेली होती. मी एकटी बसून बोट बघत होते. लांबच लांब फळ्या, दोन्ही बाजूंना, आणि सगळ्या रिकाम्या. आमच्या धायरीच्या रस्त्यावर सहा आसनी रिक्षासुद्धा इतकी रिकामी कधी सुटलेली मी पाहिली नाही. मला कसंतरीच व्हायला लागलं.

धक्क्यावर एक जाडसर गृहस्थ, त्यांची बायको आणि आई असे तिघं पिशव्या घेऊन हिरमुसून उभे होते. त्यांची बोट त्यांना न घेताच निघून गेली होती. मी विचारलं, कुठले? तर हडपसरचे, गायकवाड. ऋतुजा हडपसरलाच असते. म्हणजे घरचेच झाले. मी म्हणाले, या की, जागा आहे.

सौरभ आला तेव्हा ते पिशव्यांसकट बसले होते.

"आजी, ही मंडळी कोण?"

"हडपसरची आहेत."

"अगं, मी प्रायव्हेट बोट घेतलीय."

"मग. आपल्या बोटीत कोणाला घ्यायचं ते आपणच ठरवायचं ना?"

गायकवाड म्हणाले, "साहेब, तुमी काय बी काळजी करू नका. आमी हाय का नाय ते बी कळणार नाय तुमाला." आणि तिथून जे बोलायला लागले ते समुद्रातला किल्ला मागे पडेपर्यंत थांबले नाहीत. गोव्याला ते तीनदा जाऊन आले आहेत, त्यांना बोट लागत नाही, वगैरे.

त्यांच्या आईला सगळे अक्का म्हणत होते. माझ्याच वयाच्या. त्यांनी ऋतुजाकडे बोट दाखवून विचारलं, "नात व्हय?"

मी त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "नाही. नातसून होणार आहे. तिला अजून विचारलेलं नाही."

अक्कांना कमी ऐकू येतं. म्हणून मला ते परत सांगावं लागलं, मोठ्याने. इंजिनाचा आवाज असल्यामुळे आणखी मोठ्याने. गायकवाडांनीसुद्धा गोवा अर्ध्यावर सोडला. ऋतुजा समुद्राकडे बघत बसली, सौरभ माझ्याकडे.

खडकापाशी बाबीने नांगर टाकला. पाणी हिरवं, अगदी काचेसारखं. मेहुण्याने सगळ्यांना नारिंगी जाकिटं चढवली, डोक्याला घट्ट काळ्या टोप्या घातल्या आणि डोळे-नाक झाकणारी काच बांधली. त्या काचेच्या आत चष्मा बसत नाही. सौरभने चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की सौरभला मी आणि कपाट यांतला फरक कळत नाही.

मी वरच बसणार होते. पण अक्कांनी नऊवारीचा काष्टा आवळला आणि धप्पकन उडी टाकली. मग मी वर बसून राहणं बरं दिसेना. माझ्या अंगावर ऋतुजाचाच एक पंजाबी ड्रेस होता. मी चष्मा काढला. नळी दातांत धरायची असते आणि माझे दात माझे नाहीत, म्हणून कवळीही काढली, रुमालात गुंडाळून गायकवाडांच्या हातात दिली आणि सांगितलं, जपा. ते पाण्यात उतरणार नव्हते. त्यांनी ती देवाचा प्रसाद धरावा तशी धरली.

खाली काय होतं ते सांगते, कारण सोसायटीतल्या बायका तेच विचारतात. पिवळ्याधमक पट्ट्यांचे मासे होते. निळे होते. खडकावर फुलकोबीसारखं काहीतरी उगवलं होतं आणि ते हलत होतं. मला धूसर दिसत होतं, पण रंग दिसायला चष्मा लागत नाही. मासे घोळक्याने माझ्या तोंडाशी यायचे, नीट निरखून बघायचे आणि वळून जायचे. जिन्यात नवीन भाडेकरू भेटला की आमच्या मजल्यावरच्या बायका असंच करतात. आवाज मात्र अजिबात नव्हता. थोडा वेळ मी श्वास घ्यायला विसरले. मग आठवलं.

तेवढ्यात समोर एक मोठा नारिंगी माणूस आला. त्याने एक पाटी माझ्या तोंडासमोर धरली. अक्षरं होती, पण मला ती मुंग्यांसारखी दिसली. मला वाटलं मेहुणा विचारतोय, वर यायचं का? मला थंडी वाजायला लागलीच होती. मी जोरजोरात मान हलवली. हो, हो. तर त्याने पाटी सोडून दिली आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. खरा मेहुणा बाजूला होता आणि चित्रण करत होता. त्याला सांगितलं होतं, पाटी वर आली की सुरू कर. पाटी कोणापुढे आली हे बघणं त्याच्या कामात नव्हतं.

आम्ही पाण्यावर आलो. सौरभने तोंडातली नळी काढली. "ऋतुजा, खरंच?" म्हणाला. रडवेला झाला होता.

मी म्हणाले, अरे मी आहे. पण दात नसल्यामुळे काय बोलले ते मलाही कळलं नाही. आवाज मात्र त्याने ओळखला.

ऋतुजा केव्हाच वर जाऊन टॉवेल गुंडाळून बसली होती. तिने सगळं पाहिलं. अक्कांनी पाहिलं. बाबी म्हणाला, "आजयेन तर होय म्हटल्यान." (आजी तर हो म्हणाली.) गायकवाडांची बायको पदरात तोंड लपवून हसत होती. गायकवाड मांडीवर थापा मारत हसत होते, तेही ज्या हातात माझी कवळी होती त्याच हाताने.

वर आल्यावर मी आधी चष्मा लावला; सौरभ मात्र तसाच बोटीच्या टोकाला जाऊन पाठ करून बसला. त्याची पाठसुद्धा उतरलेली दिसत होती. आता झालं, मी मनात म्हणाले. पोरीने असलं बावळट ध्यान पाहिल्यावर पुन्हा पोहे खायची वेळ आली.

ऋतुजा माझ्याजवळ सरकली. "आजी, तुम्ही ही माणसं घेतलीत ते बरं केलंत," म्हणाली.

मी तोंडावर हात धरून विचारलं, "का गं?"

"तिघांच्याच बोटीत त्याने विचारलं असतं तर मला हो म्हणावंच लागलं असतं. नाही म्हणून परत धक्क्यापर्यंत समोरासमोर कसं बसणार होते मी?"

"म्हणजे नाही म्हणणार होतीस?"

"माहीत नव्हतं ना मला."

"आणि आता?"

ती उत्तर देणार तेवढ्यात गायकवाडांचं हसणं बंद झालं. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग पिकल्या लिंबासारखा झाला. उभ्या बोटीत, गोव्याला तीनदा जाऊन आलेल्या माणसाला बोट लागली. ते काठावर ओणवे झाले, आणि रुमाल धरलेला हात पाण्यावर लोंबायला लागला.

"माझे दात," मी म्हणाले. हे मात्र सगळ्यांना कळलं.

सौरभ उठला. चष्मा नव्हता, तरी धडपडत, पिशव्यांवर पाय देत आला. एका हाताने त्याने कवळी काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने गायकवाडांचं कपाळ धरलं. चांगला अर्धा समुद्र त्यांनी भरला. सौरभ कपाळ धरून उभा राहिला. मधेमधे "होऊ द्या काका, होऊ द्या," म्हणत होता. काकांनी त्याच्या पायावरही थोडं केलं. त्याने पाय काढला नाही, कारण पाय काढला असता तर काका पडले असते. मग त्यांचं तोंड धुतलं, त्यांना आडवं केलं, स्वतःचा टॉवेल त्यांच्या डोक्याखाली दिला.

ऋतुजा उठली. त्याचा चष्मा शोधून आणला आणि त्याच्या नाकावर बसवला. परत येईपर्यंत तो गायकवाडांच्या उशाशी बसून होता आणि अक्का त्याला आशीर्वाद देत होत्या. त्याला ते ऐकवत नव्हते.

धक्क्यावर गायकवाडांनी माझे पाय धरले. सौरभचेही धरायला निघाले होते, तो पळाला. संध्याकाळी त्याने पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हाही नाही. कोल्हापूरला मिसळीसाठी थांबूया का, एवढंच त्याने विचारलं आणि मीच नको म्हणाले. कराड गेलं, सातारा गेला. मला वाटलं, हे प्रकरण आता खंबाटकी घाटातच पुरून यायचं.

कात्रजचा बोगदा संपला आणि पुढे ट्रकांची रांग लागली. सौरभने गाडी थांबवली.

ऋतुजा म्हणाली, "तू परत विचारणार आहेस की नाही?"

"इथे?"

"इथे काय वाईट आहे? आजी झोपल्यात."

मी झोपले नव्हते. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

"आणि तू नाही म्हणालीस तर?"

"तर उतरून रिक्षा करीन. पुणं आलंय आता."

त्याने विचारलं. फार नीट विचारलं नाही. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आणि मधेच रांग हलली म्हणून गिअर टाकला. ती हो म्हणाली. रिक्षा बरोबर शेजारीच उभी होती, रिकामी. मी एक डोळा उघडून बघितली. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग रांग सुटली आणि दोघं बोलायला लागली. या वेळी मराठीत. नवले पूल गेला. धायरीचं वळण गेलं. वारजे आलं. कोणाला पत्ता नाही. मला बाथरूमला जायचं होतं, नाहीतर मी त्यांना मुंबईपर्यंत जाऊ दिलं असतं.

"धायरी मागे गेली," मी म्हणाले.

सौरभने गाडी बाजूला घेतली. "आजी, तुम्ही जाग्या होतात?" ऋतुजाने विचारलं.

"आत्ताच उठले," मी म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, पण तिने मान ठेवला.

आता सोसायटीतल्या बायका विचारतात, समुद्र कसा होता. चांगला आहे, एकदा जाऊन या. जाताना दात घरी ठेवा. आणि कोणी आपल्या मुला-नातवासाठी तसली बोट ठरवणार असेल तर एक ऐका. पोरीला लग्नाचं विचारायचं तर तिला उतरून जाता येईल अशा जागी विचारावं. खोल पाण्यात विचारू नये.

सौरभलाही मी हे सांगितलं. तो म्हणाला, "आजी, हे आधी सांगायचं."

आधी मला तरी कुठे माहीत होतं. मी काय रोज समुद्रात जाते?