मावशींच्या हातावरचे तीन पट्टे

मालिशवाल्या मावशींच्या हाताला गुण आहे, असं त्या फिजिओथेरपी केंद्रात येणारा जो तो म्हणायचा. केंद्र तीन खोल्यांचं. पुढची डॉक्टरीणबाईंची, मधली यंत्रांची आणि मागची मावशींची. मागच्या खोलीत एक उंच पलंग, धुतलेल्या पंच्यांची चळत आणि फळीवर बदाम तेलाचा डबा. त्याच्या शेजारी तपकिरी काचेची एक चिमुकली बाटली. तिच्यात लिंबाचं अर्क तेल.

बावीस वर्षं मावशी वाटीभर बदाम तेलात त्या अर्काचे मोजून दहा थेंब टाकत आल्या होत्या. त्या वासाने आखडलेला माणूस सैल पडायचा. दुखणं हातांनी जातं, वासाने नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मावशींनाही ते पटलं होतं. पण वासाचा म्हणून एक उपयोग असतोच. शिवाय काचेवरच्या जुन्या लेबलांचा चिकटा त्या तेलाने चटकन निघायचा, आणि फरशीच्या पाण्यात चार थेंब टाकले की खोली दिवसभर प्रसन्न.

त्या उन्हाळ्यात नवी बाटली आली. लेबल तेच, पण झाकण उघडताच मावशी हरखल्या. कुणीतरी आत्ताच लिंबाच्या सालीला नख लावलंय, असा ताजा वास! मोजायचा हात सुटला. दहाचे वीस थेंब झाले, विसाचे पंचवीस.

चार दिवसांनी चौकातला वाहतूक पोलीस तणतणत आत आला. सोमवारी सकाळी मान धरली म्हणून तो मालिश करून घेऊन गेला होता आणि तसाच कामावर उभा राहिला होता. आता त्याची मान आणि कोपराखालचे दोन्ही हात लालभडक झाले होते, मध्ये मध्ये फोड आले होते.

"हे बघा मावशी! तुमची पाचही बोटं उमटलीत."

खरंच उमटली होती. मानेवरून खांद्याकडे जाणारा एकेक फराटा मावशींनी ओळखला. पाठोपाठ पोहण्याच्या तलावावरची शिक्षिकाही तसेच पाय घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना मलम दिलं, त्वचेच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि मग हळूच विचारलं, "मावशी, तुमच्या हाताला काही लागलं होतं का? साबण, फिनेल? थोडे दिवस विश्रांती घ्या हवं तर."

बोलणं मऊ होतं, पण मावशींच्या जिव्हारी लागलं. बावीस वर्षांत त्यांच्या हातावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येऊ न देता त्या पोलिसाकडे वळल्या.

"दादा, शर्ट काढा जरा."

पाठ स्वच्छ होती. साधा लाल ठिपका नाही.

"मॅडम, तेल मी हातांना आणि पाठीला पार कमरेपर्यंत चोळलं होतं. हात वाईट असते तर पाठ कशी सुटली? कॉलर जिथे संपते, तिथूनच भाजलंय. हे काम उन्हाचं आहे."

"पण हे रोजच उन्हात उभे असतात, मावशी."

"रोज ही बाटली नव्हती."

डॉक्टरीणबाईंनी तेलवाल्याला फोन लावला. तो हसलाच. "शंभर टक्के नैसर्गिक माल आहे, बाई. नैसर्गिक वस्तूने कधी भाजतं का?"

"विंचूही नैसर्गिकच असतो म्हणावं," मावशी शेजारून म्हणाल्या.

नवी बाटली पिशवीत घालून मावशी घरी आल्या आणि संपत आली म्हणून घरी आणून ठेवलेली जुनी बाटली त्यांनी शोधून काढली. तळाशी थोडं तेल उरलं होतं. मावशींचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बोलणं कमी, नजर बारीक. त्याला त्यांनी सगळं सांगितलं, दोन्ही तेलं हातावर लावून उन्हात बसायचा बेतही.

"अगं, पण स्वतःच्या हातावर?" तो म्हणाला.

"मग काय शेजारणीच्या हातावर करू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी गच्चीत बसल्या. डाव्या हातावर तीन पट्टे. पहिला जुन्या तेलाचा, दुसरा नव्याचा, तिसराही नव्याचाच, पण त्यावर काळ्या कापडाची घट्ट पट्टी. तासभर ऊन खाल्लं. संध्याकाळी नवऱ्याने डोळ्याला भिंग लावून हात तपासला.

"काहीच नाही गं."

मावशींचा चेहरा उतरला. रात्री जेवणही गेलं नाही. पण सकाळी मधला पट्टा गुलाबी झाला होता आणि तिसऱ्या दिवशी त्यावर फोड टरारले. पहिला पट्टा कोरा आणि कापडाखालचा तिसराही कोरा. हात चरचरत होता, तरी मावशी ताठ मानेने केंद्रात शिरल्या आणि बाही वर केली.

डॉक्टरीणबाई आधी रागावल्या. "पुन्हा असला प्रयोग केलात तर बघा!" मग हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. तेलवाल्याला पुन्हा फोन गेला, आणि या वेळी तो हसला नाही. आधीचं तेल वाफेवर काढलेलं होतं. ते संपलं म्हणून त्याने साल दाबून काढलेलं पाठवलं होतं, त्याच लेबलाखाली. सालीतलं जे द्रव्य उन्हाशी मिळून कातडी जाळतं, ते वाफेच्या तेलात जवळजवळ येत नाही, दाबून काढलेल्यात मात्र राहतं.

"मावशी, माझं चुकलं," डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

मावशींना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण पोलीस मलमपट्टीसाठी आला, तेव्हा त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "दादा, तेलवाल्याची चूक आहेच. पण थेंब मी वाढवले. वास आवडला म्हणून."

त्याने मानेवरची पट्टी चाचपली. "मावशी, चौकात मी दिवसाला शंभर जणांच्या चुका पकडतो. आपणहून कबूल करणारा आजवर एक भेटला नव्हता." आणि पुढच्या आठवड्याची वेळ लिहून गेला. त्याच्या मानेवरचे काळे डाग जायला मात्र चार महिने लागले.

थंडी पडायच्या सुमाराला शहरातल्या मालिशवाल्यांची एक सभा भरली. डॉक्टरीणबाईंनी बोलायला मावशींना उभं केलं. समोर चाळीस माणसं. मग त्यांनी सरळ बाही वर केली आणि पुसटसा उरलेला पट्टा दाखवला. पुढचं आपोआप आलं. तेल कसं काढलंय ते विचारल्याशिवाय घेऊ नका. थेंब मोजा, नुसतं अर्क तेल कातडीला लावू नका. दाबून काढलेलं लावलंच, तर ती जागा दिवसभर झाकून ठेवायला सांगा. बाटली सावलीत, झाकण घट्ट, कारण जुनं झालेलं तेल कातडीला खाज आणतं. विस्तवापासून आणि लेकरांपासून लांब.

"पाण्यात घालून प्यायलं तर चालतं का? म्हणजे, लोक पितात," एकाने विचारलं.

"लिंबू पिळून प्या की खुशाल. हे पोटात नको."

सभागृह हसलं. आणखी कुणी विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती?"

"सातवी," मावशी म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आकडा सांगताना त्यांची नजर खाली गेली नाही.

शेवटच्या रांगेत घड्याळवाला बसला होता. दुकान भरदिवसा बंद करून आला होता. शेजारच्या अनोळखी माणसाला कोपर मारून तो म्हणाला, "हातावरची ती काळी पट्टी मी बांधली होती बरं का."