अण्णांचा रिमोट आणि माझी दहा मिनिटं

मंडळी, आज मी सासऱ्यांच्या पाटीला पाटीनेच उत्तर दिलं.

आमच्या स्वयंपाकघरात अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पाटी लावली आहे: 'बाहेर पडताना दिवा बंद करावा. आठवण करून दिली जाणार नाही.' आठवण मात्र रोज करून दिली जाते. आज सकाळी डबे भरून मी दहा मिनिटं बाल्कनीत गेले, दिवा तसाच राहिला. लगेच अण्णा, "आज काय दिवाळी आहे?"

दुपारी अण्णा विश्रांतवाडीला बहिणीकडे गेले. मी फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि मीटरसमोर उभी राहिले. तरी त्यावरचा लाल ठिपका, जो वीज वापरली गेली तरच लुकलुकतो, दर दीड मिनिटाने लुकलुकत होता. शोधलं तर टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. अण्णा टीव्ही रिमोटने बंद करतात, भिंतीवरचं बटण कधीच नाही.

मग बॉक्स बंद करून नुसता स्वयंपाकघरातला दिवा लावला. ठिपका पुन्हा दीड मिनिटानेच. म्हणजे दोघं वीज सारखीच खातात. फक्त माझा दिवा दहा मिनिटं फुकट जळतो आणि अण्णांचा बॉक्स, टीव्ही बंद असताना, रोज वीस तास.

टीव्हीवर पाटी लावली: 'अण्णांच्या एका दिवसाची बरोबरी करायला सूनबाईंना चार महिने रोज दिवा विसरावा लागेल.'

संध्याकाळी अण्णांनी चष्मा लावून ती वाचली. मनात भागाकार केला असावा, कारण जरा वेळ लागला. मग म्हणाले, "अक्षर सुधार."

सुधारेन की. पण ते बटण बंद व्हायला लागेपर्यंत पाटी हलणार नाही.

तुमच्या घरी बोलणी कोण खातं, आणि वीज कोण जाळतं?