साक्षीदार आमच्या केंद्रावर

सुकन्याबद्दल एखाद्या चांगल्या लिहिणाऱ्यानं लिहायला हवं होतं. पण जवळून पाहिलं ते मी, म्हणून जमेल तसं लिहितो.

कोल्हारजवळच्या आमच्या दूध संघात ती संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे ती आणि तिच्या हाताखालचा अमीर. मूळची पाथर्डीकडची. आईवडील ऊसतोडीला जायचे. वडील वारले, आई दगडाबाई गावी एकटी. मी वस्तीवरच्या दूध संकलन केंद्राचा सचिव. स्लिप अडली की माझा फोन सुकन्यालाच.

गावोगावच्या केंद्रांवरचं फॅट, दर, स्लिपा, सगळं संघातल्या एकाच सर्व्हरवर चालायचं. पूर्वी हिशेब करणारं यंत्र वेगळं आणि माहिती साठवायचं कपाट वेगळं असे, आता दोन्ही एकाच पेटीत येतं, हे मला तिनंच समजावलं. सोय मोठी. पण ती पेटी बंद पडली की दूधवाले रांगेत उभे. म्हणून सुकन्या कोल्हार सोडून कुठं जायची नाही.

आईला मोतीबिंदू. नगरच्या दवाखान्याची तारीख मिळे आणि नेमका सर्व्हर रुसे. दुसऱ्या कुणाबरोबर जायला म्हातारी तयार नव्हती. एकदा मी शेजारी असतानाच सुकन्याला फोनवर म्हणाली, "तुझं ते मशीन बरं झालं की सांग. तवर मी हाय आंधळी."

शेवटी सुकन्या अध्यक्षांकडे गेली. मीही कामानिमित्त तिथंच होतो.

"तीन मशीनं असली तर उत्तम," ती म्हणाली. "एक पडलं तर उरलेली दोन आपसांत ठरवून काम चालू ठेवतात. मोठ्या कंपन्या तर निम्मी एका गावात, निम्मी दुसऱ्या गावात ठेवतात."

"आपल्या ऐपतीचं बोल, पोरी."

"मग दोन. दोघांकडं सगळ्याची नक्कल. पण मधली तार तुटली तर प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला, आणि दोघंही मालक व्हायला बघतात. म्हणून तिसरी एक छोटी पेटी साक्षीदार लागते. ती हिशेब करत नाही, काही साठवत नाही. कोण जिवंत आहे एवढंच सांगते."

"म्हंजी आमचा उपाध्यक्ष," अध्यक्ष म्हणाले, आणि मंजुरी मिळाली.

मशीनं आली. आईची नवी तारीख जवळ आली होती. त्याआधी एका संध्याकाळी सुकन्यानं सगळ्यांसमोर पहिल्या मशीनच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद केलं. दुसरं चालू राहायला हवं होतं. ते पण थांबलं. केंद्रांवरून फोन सुरू झाले.

"ताई," टँकरवाला अंगद दारातून म्हणाला, "एक बंद पाडायला दोन घेतली व्हय?"

सुकन्या खाली बसून वायर हातानं चाचपत गेली. साक्षीदाराचा प्लग त्याच बोर्डात होता. पहिल्याबरोबर साक्षीदारही गेला, आणि एकट्या उरलेल्या दुसऱ्यासाठी साक्ष द्यायला कुणी नाही म्हणून ते मुकाट थांबलं.

"मशीन बरोबर वागलं. चुकले मी."

"बांधाच्या वादात साक्षीदार परक्या वस्तीवरनं आनत्यात," अंगद हसत म्हणाला. "तुमी तर एका ताटात जेवाय बसवला."

तीही हसली. दुसऱ्या दिवशी ती पेटी पिशवीत घालून आमच्या केंद्रावर आली. आमच्याकडं बॅटरी होती, नेट होतं. पेटी पेंडीच्या पोत्यांवरच्या फळीवर बसवली.

"नाना, याला काही करायचं नाही. फक्त बंद करू नका."

"पुसू का?"

"पुसा. कोरड्या फडक्यानं."

पुन्हा चाचणी घेतली. या वेळी दूध थांबलं नाही. तरी तिचा पाय निघेना. अमीर म्हणाला, "ताई, तुमी हितंच बसल्या तर आमची परीक्षा कदी व्हायची?" तेव्हा कुठं ती आईला नगरला न्यायला निघाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माप चालू असताना स्लिप अडकली. रांग थोडा वेळ थांबली. मी फळीकडं पाहिलं. साक्षीदाराचा हिरवा दिवा चालू होता. पुढं स्लिपा आपोआप निघू लागल्या. अमीरचा फोन आला, "नाना, एक मशीन गेलं. दुसऱ्यानं घेतलंय. ताईला एवढ्यात सांगू नका."

पण पाठोपाठ तिचाच फोन.

"नाना, सकाळपासून कुणाचाच फोन नाही. माझा मोबाईल तर बिघडला नाही ना?"

मला खोटं बोलायला जमत नाही. "एक मशीन बसलंय. दूध चालू आहे. अमीर आहे तिथं."

तिच्या मागून दगडाबाईंचा आवाज आला, "काय म्हनतंय गं मशीन? निघायचं का माघारी?"

मी फोन कानाशी धरून तसाच उभा.

"नाही आई," सुकन्या म्हणाली. "तिथं दुसरं आहे."

"मग धर की माझा हात."

फोन बंद करायला ती विसरली असावी. नर्सनं दगडाबाईंचं नाव पुकारलेलं ऐकू आलं, मग दोघींच्या चपला सावकाश लांब जाताना. मी फोन ठेवला आणि पुढच्याची किटली मापाला घेतली.