भिमाबाईंचा गुरुवार

आमच्या शेजारच्या भिमाबाई कुणाला भीत नाहीत. शरणपूर रोडवरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. पण महिन्याचा पहिला रविवार आला की ही बाई भिते, कारण त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा.

तयारी सगळी त्यांचीच. निफाडची काळी द्राक्षं उकळून रस काढायचा, पावाच्या कडा कापून बारीक तुकडे करायचे. बाकावरून ताट फिरत आलं की मात्र त्या हात न लावता पुढं सरकवतात. अठरा वर्षं! मला चीड यायची. सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी राहायचं म्हणजे काय?

कारण मला ठाऊक होतं. आई वारली तेव्हा धाकटी बहीण अंबूबाई माती झाल्यावर पोचली. तिनं सलाम, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार, केला तेव्हा भिमाबाईंनी चारचौघांत सुनावलं, "तुझा सलाम नको मला." तोच राग पोटात ठेवून त्यांनी पुढच्या रविवारी भाकर खाल्ली, प्याला घेतला. गुरुवारी त्यांचे यजमान सहादू ओझरला कामावर गेले आणि छातीत कळ येऊन तिथंच संपले. अयोग्य रीतीनं घेतलं की दंड होतो, एवढं भिमाबाईंना लहानपणापासून पाठ. अर्थ त्यांनीच लावला. पाळकसाहेब सांगून थकले, "भिमाबाई, हे मेज शिक्षा द्यायला मांडलेलं नाही." पटेल तर शपथ.

गेल्या महिन्यात अंबूबाई पिंपळगावहून आली आणि नेमकी आमच्याच बाकावर, आम्हा दोघींच्या मध्ये बसली. ताट आलं. भिमाबाईंनी पुढं सरकवलं. अंबूबाईनंही हात न लावता माझ्याकडं दिलं.

"तू का नाही घेतलंस?" भिमाबाई अठरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलल्या.

"दाजी गेल्यापासून नाय घेत. माझ्यामुळंच गेले ना ते? लय भ्या वाटतं, ताई."

मला राहवेना. मी ताट तसंच मागं फिरवलं. लोक वळून बघत होते, बघेनात का.

भिमाबाई मागं सरकल्या. "काही झालं तर?"

"झालं तर दोघींना होईल," अंबूबाई म्हणाली. "सलाम, ताई."

"सलाम." भिमाबाई म्हणाल्या. तो एवढासा तुकडा तोंडात घालताना त्या इतक्या घाबरल्या होत्या की मलाच रडू आलं. प्याला अंबूबाईनं धरून पाजला, मग स्वतःही भाकर खाऊन प्याला घेतला.

नंतर त्यांनी बहिणीला घरी नेलं, ते सोडलंच नाही. गुरुवारी तर तिला एकटीला मोरीतही जाऊ देईनात. दाराशी उभ्या राहून हाका मारत होत्या, "अंबू, ओ दे गं!" आणि आतून ओ आली की पुन्हा हाक. मला हसूही येईना. खरं सांगते, त्या दिवशी मीही तीनदा डोकावून आले.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. भिमाबाई उभ्या होत्या, मागं अंबूबाई, तोंडात ब्रश.

"अगं," भिमाबाई रडत म्हणाल्या, "शुक्रवार उजाडला."