कसावाचा पाव आणि सवयीचा हात

गव्हाच्या पिठात उभा जन्म घालवलेल्या पाववाल्याला नात झाली, आणि तिला गहूच सोसेना. गव्हाचा कण पोटात गेला की पोर आजारी. नशिबाला विनोदबुद्धी आहे, पण हलक्या प्रतीची, असं त्याचं मत झालं.

मुलगी तिला घेऊन त्याच्याकडे येईनाशी झाली. "बाबा, तुम्ही जवळ घेता तेव्हा पीठ उडतं," ती म्हणायची. नात फोनवर विचारायची, "आजोबा, मला चालेल असा पाव कधी?"

मग त्याने कसावाचं पीठ आणलं. कसावा म्हणजे रताळ्यासारखा कंद, वाळवून दळलेला. पीठ दिसायला गरीब, वागायला हट्टी. गव्हासारखं मळलं, तर हाताला चिकटून बसलं. ओल्या फडक्याखाली फुगायला ठेवलं, तर ढिम्म हललं नाही. पहिला पाव वीट झाला, दुसरा डिंक.

"आयुष्यभर मला वाटलं, पाव मी करतो," तो ओट्याला म्हणाला. "करत होता गहू. मी त्याचा हमाल."

शेवटी हमालाने नवी भांडी घेतली, पीठ उडू नये म्हणून दुकानाऐवजी घरी काम मांडलं, पिठावर कढत दूध ओतून त्याची उकड काढली, अंडी फेटून घातली. गोळे घरच्या ओव्हनमध्ये टम्म फुगले. त्याने मुलीला आणि नातीला बोलावलं.

"बाबा, जमलं की!" मुलगी म्हणाली.

स्तुती ऐकून त्याने ऐटीत ॲप्रनच्या खिशात हात घातला, आणि बोटांना मऊ पीठ लागलं. गोळा चिकटू नये म्हणून लावायची कोरडी पिठी. गव्हाची. दुकानात ती कायम खिशात असायची, आणि ॲप्रन दुकानातलंच होतं. सकाळी गोळे वळताना ते चिकटत होते, आणि हात खिशात जाऊन आला होता; डोक्याला न विचारता.

कुणी पाहिलं नव्हतं. नातीने पाव तोंडाशी नेला.

"टाक तो! खाली टाक!"

"का? कच्चा आहे?"

"पाव नाही, आजोबा कच्चा आहे." त्याने खिसा उलटा करून दाखवला.

 मुलीने नातीचे हात साबणाने दोनदा धुतले. नात रडायला लागली. निघताना मुलगी दारात थांबली. "उद्या आमच्याकडे या. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. आणि ते ॲप्रन आणलंत तर दारातूनच परत."

दुसऱ्या दिवशी तो तिच्या ओट्यापाशी नवशिक्यासारखा उभा राहिला. मुलगी शेजारी, नजर त्याच्या बोटांवर. दोनदा त्याचा हात नसलेल्या खिशाकडे गेला.

"बाबा!"

"गेला नाही गं, खाजवत होतो."

पाव बेढब झाले, मध्ये चिकट. दुकानात कुणी असले भाजले असते तर त्याने त्याला हाकललं असतं. नात पहिला पाव बराच वेळ चावत राहिली. तो तिच्या जबड्याकडे बघत होता.

"चिवट आहे," ती म्हणाली, आणि दुसरा उचलला.