काळ्या रानात अँटेना

पुण्याहून निघतानाच मला ठाऊक होतं, की आपण ज्या कामाला चाललोय ते होणारं नाही. अँटेनातून क्षणभराची लहर जमिनीत सोडायची, ती किती वेळाने परत येते ते पाहायचं आणि त्यावरून खालच्या पाण्याचा ठाव घ्यायचा, असं आमचं यंत्र. संगणकावर सॉफ्टवेअरमध्ये मी तेच मांडून पाहिलं होतं. कोरड्या वाळूत उत्तर झकास यायचं. ओली काळी माती घातली की लहर हातभर जाऊन विरायची. पडद्यावर उरायचं ते अँटेनाचं स्वतःचंच थरथरणं. कॉलेजातल्या आमच्या विभागप्रमुखांना आलेख दाखवला, तर म्हणाले, "गावाला शब्द दिलाय. चला."

पूर्णा जंक्शनला गाडी बदलून छोट्या रुळांवरून रखडत हिंगोली गाठलं. मोंढ्यात (धान्यबाजारात) हळदीच्या वासाने शिंका आल्या. सेनगावच्या जीपमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "डब्बा मांडीवर घ्या सर, तेवढ्यात एक माणूस बसतंय." यंत्राची किंमत इथे एका सीटची!

गावात सरपंचांकडे भाकरी, पिठलं, ठेचा असं फक्कड जेवण झालं. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीसाठी एक बोअर मंजूर होता, मात्र आमच्या यंत्राला पाणी दिसेल तिथेच घ्यायचा होता. वस्तीतल्या गयाबाई सरपंचांच्या विहिरीवरून पाणी नेत होत्या. मला पाहून थांबल्या.

"सायेब, मशीन आमच्याकडं कवा आणता? आमी जागा झाडून, सडा टाकून ठेवली हाय."

"आणतो बाई," मी म्हणालो.

पण आधी पाणाड्या (पाण्याची जागा सांगणारा) आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो फिरला, आणि सरपंचांच्या बांधावर नारळ उभा राहिला. लगेच आमची अँटेना तिथे ओढली गेली. पडद्यावर ठसठशीत रेघ उठली. "बरोबर! इथेच!" विभागप्रमुख म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "सर, ही रेघ अँटेनाची स्वतःची आहे. कुठेही धरा, दिसणारच." मी अँटेना उचलून छातीशी हवेत धरली. रेघ जिथल्या तिथे.

सगळे पडद्याकडे वाकले. मग सरपंच कौतुकाने म्हणाले, "लईच पावरफुल हाय की! वरूनबी पाणी दिसून राहिलं."

लोकांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी! विभागप्रमुख हसून डबा बंद करू लागले. वस्तीकडे जायचं राहिलंय, असं मी दोनदा म्हटलं. त्यांनी घड्याळ दाखवलं, "गाडी चुकेल." जीप ओढ्याकाठच्या वळणावर आली तेव्हा पलीकडे झाडलेली जागा दिसली. गयाबाई तिथेच उभ्या होत्या. मला मान वर करवेना.

पुण्यात परतल्यावर महिनाभराने सरपंचांचा फोन आला. तो मंजूर बोअर त्यांच्या बांधावर घेतला, पाणी लागलं. विभागप्रमुखांनी पेढे वाटले. मी घेतला नाही. प्रवासात माणूस चार गोष्टी शिकतो म्हणतात. मी एवढंच शिकलो, की आंधळं यंत्रही गावात बरोबर बड्यांच्याच बांधावर थांबतं.

फोनवर मी सरपंचांना विचारलं होतं, "वस्तीचं काय झालं?"

"तिकडं पाणीच न्हाई ना सर," ते म्हणाले. "गयाबाई आल्ती भांडायला. तिला सांगितलं, तुमच्याच मशीननं दाखवलं म्हणून. मंग गप गेली."