कोयता न्हाई, लेखी हाय

नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आमचा कोयता दर साली दिवाळीनंतर मुकादमाबरोबर ऊसतोडीला जायचा आणि पोरीची शाळा मधेच सुटायची. मी चौथीत शाळा सोडली, ती दुसरीतच सोडणार असं दिसत होतं. म्हणून त्या साली मी पालमला खानावळ घातली. जेवायला तिघंच, तिघंही तरणे: बँकेतला कारकून, जनावरांचा डॉक्टर आणि पाटबंधाऱ्याचा ओव्हरसिअर. ते टिकले तर मला घरी राहता येणार होतं. पण “तुमी राहणार का?” एवढं विचारायची माझी छाती नव्हती. मी भाकरीसुद्धा दाराआडून सरकवायची.

एक दिवस परभणीच्या कॉलेजातली एक मुलगी छापील कागद घेऊन आली. तरुण नोकरदारांना विचारून गावांचं पुढं काय होणार ते तिला काढायचं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी कधी बंद पडेल नेम नव्हता, म्हणून ती कागद माझ्यापाशी ठेवून दुपारच्याच गाडीनं परत गेली.

तिघांनी जेवता जेवता कागद भरले. ते गेल्यावर मी बोट ठेवून वाचले. ‘पाच वर्षांनी कुठे असाल?’ तिघांचंही उत्तर, पालम. कारकून तर इथंच घर बांधणार होता. डॉक्टरनं लिहिलं होतं, इथलं पाणी गोड आहे. आदल्याच दिवशी त्यानं नाक मुरडून तांब्या परत केला होता. तरी मी विश्वास ठेवला.

मुकादम आला तेव्हा मी नवऱ्याला आत बोलावून म्हणाले, “सांगा, यंदा कोयता न्हाई.”

“कशाच्या भरवशावर?”

“लेखी हाय.”

मुकादम दुसरी जोडी बघायला राणीसावरगावला गेला.

दुसऱ्या दिवशी जेवताना ओव्हरसिअर म्हणाला, “कॉलेजचं नुसतं नाव हो. गोल शिक्का बघितला का? कागद वर जाणार.”

“म्हणून तर लिहिलं,” डॉक्टर म्हणाला. “बदली मागितली की माणूस सडतो. लय करमतंय म्हणलं की लगेच उचलतात.”

“मी तर घर बांधायलोय,” कारकून म्हणाला. “महिन्यात लातूर!”

तव्यावरची भाकरी करपली. माझ्या तोंडातून निघून गेलं, “मग मी मुकादमाला कशाला परत लावलं?”

तिघांचे घास हातातच राहिले.

“वहिनीला बोलता येतंय की!” कारकून हळूच म्हणाला.

मग मी दाराआडूनच सगळं सांगितलं. त्या दिवशी करपलेली भाकरी तिघांनी वाटून खाल्ली.

आठवड्यानं ती मुलगी येऊन कागद घेऊन गेली. ते कुठल्याच साहेबानं पाहिले नाहीत, म्हणून कुणाची बदलीही झाली नाही. पोरगी सातवी झाली तरी तिघं माझ्याकडंच जेवत होते आणि दर उन्हाळ्यात त्या कागदाला शिव्या घालत होते.

पुढं कधीतरी ती मुलगी, आता मास्तरीण झालेली, वाट वाकडी करून आली. उत्तरं खरी निघाली का, म्हणून तिनं विचारलं.

“सगळी,” मी म्हणाले. “फक्त डॉक्टर पाणी उकळून पितो.”